अंदाजाने घेतलेले पैसे कोणाचे?

प्रतिवर्षी उन्हाळा लागला म्हणजे नांदेड व लातूर जिल्ह्यांतील गावोगावी विजेच्या बिलाबरोबर आणखी एक कागद घरी येतो. त्यावर 'अतिरिक्त सुरक्षा ठेव' असे शब्द असून पुढे रकमेचा आकडा असतो. ज्या घरी दर महिन्याचे बिल वेळेवर भरलेले असते, एका पैशाची थकबाकी नसते, त्या घरीही हा कागद येतो. मग ओसरीवर चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, ही नवी दरवाढ होय. कोणी म्हणतो, ही उघड लूट होय. आणि पुष्कळ जण तो न वाचताच वळचणीस खोवून ठेवतात. आमच्या मते ह्या लहानशा कागदात नीतीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि तो केवळ विजेपुरता नाही. मनुष्याने जे अद्याप वापरले नाही, त्याचे मोल अंदाजाने ठरवून ते त्याजपासून आगाऊ घेणे न्यायाचे आहे काय? आणि घेतले, तर ते पैसे घेणाराचे झाले, की देणाराचेच राहिले?

न्याय करण्यापूर्वी गोष्ट नीट समजून घेणे हे आपले पहिले कर्तव्य आहे. आपण वीज आधी वापरतो व तिचे पैसे मागाहून देतो. महिना संपतो, मीटरचे वाचन होते, बिल निघते, ते भरण्यास मुदत मिळते. तोपर्यंत पुढचाही महिना बराच सरलेला असतो. म्हणजे इतक्या दिवसांची वीज कंपनीने उधार दिलेली असते. ह्या उधारीस तारण म्हणून २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम ४७ ने वाजवी ठेव मागण्याचा अधिकार कंपनीस दिला आहे. महाराष्ट्रात दरमहा बिल येणाऱ्या ग्राहकाची ही ठेव पूर्वी एका महिन्याच्या सरासरी बिलाइतकी असे. २०२१ साली महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नव्या विनियमांनी ती दोन महिन्यांच्या सरासरीइतकी केली. म्हणून २०२२ च्या उन्हाळ्यात मागणीचे आकडे एकाएकी मोठे दिसले. समजा, एखाद्या घराचे गेल्या वर्षीचे सरासरी बिल ६०० रुपये आहे व ठेवही ६०० रुपयेच जमा आहे. तर आता १,२०० रुपये जमा असावयास पाहिजेत, म्हणून उरलेल्या ६०० रुपयांची मागणी येते. ही रक्कम विजेचा दर नव्हे. ती ग्राहकाच्या नावे जमा राहते, तिजवर निदान बँक दराने व्याज देणे कंपनीस कायद्याने भाग आहे, आणि जोडणी कायमची बंद केल्यास देणे वजा जाता ती परत मिळावयाची असते. तेव्हा तिला सरसकट लूट म्हणणे बरोबर नाही. परंतु ती खिशातून आजच जाते, हेही तितकेच खरे आहे.

आता, अंदाज करणे हाच मुळात अन्याय आहे काय? तसे म्हणवत नाही. शेतकरी अंदाजानेच पेरतो, व्यापारी अंदाजानेच माल भरतो. आपल्या मराठवाड्यात खरिपाची पैसेवारी निघते, तीही प्रथम नजरअंदाजाचीच असते. परंतु ती तेथेच थांबत नाही. नजरअंदाज पैसेवारीनंतर सुधारित पैसेवारी येते आणि शेवटी अंतिम पैसेवारी जाहीर होते. पीक डोळ्यांनी पाहून जे सांगितले, ते मागाहून पुन्हा तपासले जाते. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, ह्यावर गावाच्या सवलती अवलंबून असल्यामुळे त्या दुरुस्तीकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. ह्यावरून एक नियम दिसून येतो. अंदाज दुरुस्ती पत्करतो तोवर तो प्रामाणिक असतो. दुरुस्ती नाकारली की तो हुकूम होतो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आजापणजांस दुसऱ्या एका अंदाजाचीही ओळख होती. गावचे काम वर्षभर करावे आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन बलुते मागावे, अशी ती रीत होती. वर्षभराच्या श्रमांबद्दल किती पाचुंदे, किती पायल्या द्यावयाच्या, ह्याविषयी रूढी होती खरी. परंतु प्रत्यक्ष माप घालणारा हात खळ्याच्या धन्याचा असे, कडेला पदर पसरून उभे राहणाऱ्याचा नसे. माप कमी पडले तर दाद कोठे मागावी? मागितलीच, तर पुढल्या वर्षी खळ्याच्या जवळ तरी उभे राहता येईल काय? त्या व्यवहारातील खरा दोष अंदाज हा नव्हता. अंदाज एकाच पक्षाच्या हाती होता, आणि तो चुकला असता दुबळ्यास तो दुरुस्त करून घेण्याची वाट नव्हती, हा दोष होता. ही कसोटी हाती धरून आपण आजच्या गोष्टीकडे पाहू.

प्रथम कंपनीची बाजू ऐकली पाहिजे, कारण एका पक्षाचे ऐकून केलेला निवाडा तो निवाडाच नव्हे. जुन्या राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन ६ जून २००५ पासून महावितरण कंपनी वीज पोहोचविण्याचे काम करीत आहे. ती वीज तिला विकत घ्यावी लागते व तिचे पैसे द्यावे लागतात. जो वीज वापरतो आणि भरत नाही, त्याची तूट आकाशातून भरून येत नाही. ती शेवटी दरांच्या वाटेने भरणारांवर येण्याचा धोका असतो. ह्या दृष्टीने ठेव ही कंपनीइतकीच प्रामाणिक शेजाऱ्याचेही रक्षण करते. हा युक्तिवाद खोटा नाही. तथापि त्यात एक बोचणी राहतेच. बुडविणाराच्या भयाने तारण मागितले जाते ते न बुडविणारापासूनही; आणि वाड्यात राहणारास ६०० रुपये म्हणजे काहीच नव्हेत, परंतु मोलमजुरी करणाऱ्या विधवेस ते आठवड्याचे धान्य आहे. नियम दोघांस एकच असला तरी ओझे एकच नसते.

अंदाज चुकला म्हणजे काय होते, हे आपण २०२० साली पाहिले आहे. टाळेबंदीमुळे महावितरणने २३ मार्चपासून मीटरचे वाचन थांबविले. मग मागील महिन्यांच्या सरासरीने बिले निघाली. आणि ते मागील महिने होते डिसेंबर, जानेवारी व फेब्रुवारी, म्हणजे थंडीचे. इकडे एप्रिल-मे महिन्यांत सर्व कुटुंब घरात कोंडलेले, पंखे रात्रंदिवस चालू. जूनमध्ये वाचन पुन्हा सुरू झाले तेव्हा अंदाज व प्रत्यक्ष ह्यांतील सर्व अंतर एकाच बिलात येऊन पडले. त्यातच १ एप्रिलपासून नवे दर लागू झाले होते. रोजगार बुडालेल्या माणसाने तो आकडा पाहून कपाळास हात लावला तर नवल काय? कंपनीने सांगितले की, एकूण युनिट महिन्यांत विभागून त्या त्या टप्प्याचा लाभ दिला आहे व भरलेली रक्कम वजा केली आहे. तीन हप्त्यांची सोय व एकरकमी भरणारास दोन टक्के सूटही देण्यात आली. हिशेब करून पाहणाऱ्या पुष्कळांस बिल बरोबर आढळले. परंतु ज्यास हिशेब कोणी समजावून दिला नाही, त्याच्या मनात बरोबर बिलानेही अविश्वासच उत्पन्न केला. हिशेब बरोबर असणे पुरेसे नाही. तो ज्याच्यापासून पैसे घ्यावयाचे त्यास कळलाही पाहिजे.

ह्याच्या उलट उदाहरण विलायतेचे आहे. तेथे पुष्कळ घरची माणसे वीज व गॅस ह्यांसाठी दरमहा एक ठरीव हप्ता आपल्या बँकेतून परस्पर वळता करून घेण्याची मुभा कंपनीस देतात. वर्षाचा खर्च अंदाजून त्याचे बारा भाग करावयाचे. उन्हाळ्यात शिल्लक साठावी व हिवाळ्यात, घर उबदार ठेवण्याचा खर्च वाढतो तेव्हा, ती उपयोगी पडावी, असा हा विचार. विचार चांगला आहे. परंतु हप्त्याचा आकडा कंपनीच ठरविते. २०२२ च्या एप्रिलमध्ये तेथील दराची कमाल मर्यादा ५४ टक्क्यांनी वाढली. त्या सुमारास पाच लाखांहून अधिक ग्राहकांचा हप्ता दुपटीहूनही जास्त झाला, असे तेथील ऑफजेम ह्या नियामक संस्थेच्या तपासात आढळले. तेव्हा कंपन्यांनी हे आकडे कशावरून ठरविले, ह्याचा जाब तिने विचारला. त्याआधीच, २०२१ पासून, तेथील पुष्कळ वीज कंपन्या बुडाल्या होत्या. ग्राहकांची शिल्लक त्यांच्या नावे सुरक्षित राहिली खरी, परंतु तिचा भार अखेर सर्व ग्राहकांच्या बिलांवर पसरला. म्हणजे शिकलेल्या व धनवान देशातही प्रश्न तोच: दुसऱ्याच्या हिशेबात माझे जे जास्त पैसे पडून आहेत, ते कोणाचे?

आमचे उत्तर असे आहे. ते देणाराचेच आहेत. घेणारा त्यांचा मालक नव्हे, विश्वस्त आहे. गावात कोणी परगावी जाताना आपली पेटी शेजाऱ्याकडे ठेवून गेला, तर शेजारी ती सांभाळतो. ती आपल्या घरात आहे एवढ्यावरून ती आपली समजत नाही. विश्वस्ताची तीन कर्तव्ये आम्हांस दिसतात. पहिले, अंदाज कशावरून केला ते साध्या भाषेत सांगावे. दुसरे, अंदाज कमी ठरला तर जितक्या तत्परतेने मागणी करावी, तितक्याच तत्परतेने तो जास्त ठरल्यावर परत करावे. मागणी आपल्या पायांनी घरी चालत यावी आणि परताव्यासाठी मात्र ग्राहकाने खेटे घालावेत, ही विश्वस्ताची रीत नव्हे. तिसरे, देणाराची वेळ पाहावी. कचेरीचे वर्ष मार्चअखेर संपते, म्हणून ठेवीचा फेरहिशेब त्यानंतर होऊन मागणी उन्हाळ्यात येते. परंतु कुणब्याचे वर्ष मृगाबरोबर सुरू होते. ज्या दिवसांत बियाणे, खत व मुलांची पुस्तके ह्यांकरिता हातउसने काढावे लागते, नेमक्या त्याच दिवसांत हा कागद येतो. सोयाबीन व तूर बाजारात गेल्यावर जी रक्कम सहज देता आली असती, ती ज्येष्ठात द्यावयास सावकाराचे दार दाखविते. महावितरणने ही ठेव सहा समान मासिक हप्त्यांत भरण्याची मुभा २०२२ साली दिली, हे योग्यच झाले. तिचा हेतू समजून आपणही तिचा उपयोग करावा.

परंतु न्यायाची मागणी करणाराने आपले माप आधी तपासावे. तारेवर आकडा टाकून उजेड घेणारा मनुष्य अंदाजाविरुद्ध तक्रार करतो तेव्हा त्याच्या शब्दास वजन राहत नाही. त्याने वापरलेली वीज शेजाऱ्याच्या माथी बसते. घरास कुलूप असल्यामुळे वाचन झाले नाही व सरासरीचे बिल आले, तर स्वतः मीटर पाहून कंपनीस आकडा कळविता येतो. मोबाईलच्या ॲपवरही ती सोय आहे. मीटर नसलेल्या कृषिपंपांची आकारणी अश्वशक्तीवरून होत आली. कागदावर ती प्रत्यक्षाहून अधिक लिहिल्याच्या तक्रारी ग्राहक संघटनांनी अनेक वर्षे केल्या आहेत. एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांकरिता साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस राज्य शासनाच्या योजनेने मोफत वीज मिळाली आहे. तथापि फुकट मिळते म्हणून हिशेब नको, असे समजू नये. ज्याचा हिशेब कोणी मागत नाही, तेथेच चुकीचा अंदाज सुखाने नांदतो.

तक्रार करावयाची तर ती कायद्याच्या वाटेने करावी. कलम ५६ अन्वये थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना दिली पाहिजे. बिलाविषयी वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, ह्यांपैकी जी कमी असेल ती आपला आक्षेप नोंदवून भरावी. मग वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. त्यापुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे व त्यावर विद्युत लोकपाल आहे. खळ्याच्या कडेला उभ्या असलेल्या आपल्या पूर्वजांस अशी एकही वाट नव्हती. ती आज आहे. परंतु जिचा उपयोग कोणी करीत नाही, त्या वाटेवर गवत उगवते.

म्हणून गावोगावच्या उपदेशकांस आमची एक विनंती आहे. ज्यांस वाचता येत नाही ते आपले कागद तुमच्याकडे घेऊन येतात. तेव्हा 'भरून टाका' किंवा 'भरू नका' एवढेच सांगून त्यांस वाटेस लावू नका. बिल हाती घेऊन मागील वाचन कोणते, चालू वाचन कोणते, युनिट किती, जमा ठेव किती, व्याज कोठे वळते झाले, हे त्यांच्याबरोबर बसून पाहा. मीटरचा आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दर महिन्यास लिहून ठेवण्याची सवय घराघरांत लावा. ज्याच्या घरी अशी नोंद आहे, त्याच्याविषयी अंदाज करण्याचे कारणच उरत नाही. बलवानाने अंदाज करताना विश्वस्ताप्रमाणे वागावे हे खरे. परंतु दुबळ्याच्या हाती स्वतःचा हिशेब असला, म्हणजे बलवानासही तसे वागणे सोपे जाते.