ओंजळीत आलेला जीव

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध ८, अध्याय २४



राजा सत्यव्रत कृतमाला नदीत तर्पण करत होता. ओंजळीत एक इवलासा मासा आला. राजाने तो पुन्हा पाण्यात सोडला. वाटलं, झालं काम! पण माशाने विनवलं, की इथे मोठे मासे मला खाऊन टाकतील. मग राजाने त्याला कमंडलूत घेतलं. तो वाढत गेला तसं मोठं भांडं, मग तळं, शेवटी समुद्र. तो मासा म्हणजे साक्षात नारायण, हे राजाला तेव्हा ठाऊकही नव्हतं.

आता मारुंजीतला एखादा फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. टँकमध्ये एंजल फिशची पिल्लं नुकतीच अंड्यांतून बाहेर आलीत आणि पंढरपूरची तिकिटं काढून झालीत. 'देव बघेल' म्हणून कुलूप लावायचं? पिल्लं पहिले काही दिवस पोटाजवळच्या बलकावर जगतात. पण एकदा पोहायला लागली, की दिवसातून अनेकदा बारीक खाणं लागतं. शेजाऱ्यांवर सोपवणार असाल, तर मोजून पुड्या बांधून द्या. प्रेमापोटी जास्त घातलेलं खाणं कुजतं आणि पाणीच विष होतं. मायेलाही माप लागतं.

आणि कुणीच मिळालं नाही तर? दर्शन पुढे ढकला. पुंडलिक आई-वडिलांची सेवा सोडून उठला नाही. विठ्ठल विटेवर थांबला. तुमच्यासाठीही थांबेल.

आजचा संकल्प : आपल्या भरवशावर असलेला एक जीव आठवा. घराबाहेर पडण्याआधी त्याची सोय लावा.