दुखणे खरे, तर पुरावाही खरा हवा



घरात कर्करोगाचा रुग्ण असला, की म्हसळ्याहून परळच्या टाटा रुग्णालयापर्यंतच्या खेपा सुरू होतात आणि सल्ले देणारेही वाढतात. त्यात एक सल्ला हल्ली कानी येतो, 'गांजाचे तेल द्या.' लगेच दुसरा म्हणतो, 'छे, ते तर पाप!' आपण कोणाचे ऐकावे?

दोघांचेही बोलणे तराजूत घालून पाहू या. 'झाडपाल्याने अपाय कसा होईल?' हे पारडे हलके आहे. धोतराही झाडच, त्याच्या बिया जीव घेतात. 'अमक्याला गुण आला' हेही अपुरे आहे, कारण त्याचे इतर उपचार चालूच असतात. उलट, 'नशेची वस्तू औषध होऊच शकत नाही' हेही तितकेच हलके. मॉर्फीन अफूपासूनच होते, आणि असह्य वेदनांवर डॉक्टर ते देतात.

मग वजनदार पुरावा कोणता? गांजाच्या झाडातील कॅनाबिडिओल हा घटक शुद्ध करून, फिट्सचे दुर्मीळ आजार असलेल्या मुलांना देऊन पाहिला गेला. काहींना औषध, काहींना तसाच दिसणारा बिनऔषधी द्रव. कोणाला काय मिळाले हे ना आईवडिलांना ठाऊक होते, ना डॉक्टरांना. औषध घेतलेल्यांच्या फिट्स अधिक कमी झाल्या. २०१८ मध्ये अमेरिकेत दोन आजारांसाठी त्याला मंजुरी मिळाली. त्याच झाडातील दुसऱ्या एका घटकाच्या कृत्रिम रूपाला केमोथेरपीच्या मळमळीसाठी तेथे १९८५ मध्येच मंजुरी मिळाली होती. पण मळमळ थांबणे वेगळे आणि कर्करोग बरा होणे वेगळे. पुरावा जेवढे सांगतो, तेवढेच आपण सांगावे.

आपल्या देशातील १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही औषधी व वैज्ञानिक वापराची वाट नियमांत बांधून ठेवली आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही (क्र. २२९१) मादक पदार्थांचे सेवन गंभीर अपराध मानले आहे, पण केवळ उपचारासाठीचा वापर त्यातून वगळला आहे.

खोट्या आशेने एखादा केमोथेरपी अर्धवट सोडतो. खोट्या भीतीने दुसरा मॉर्फीन नाकारून रात्रभर कण्हत राहतो. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नये असे सांगते. न तपासता दिलेला सल्ला तिच्या किती जवळ जातो, याचा विचार आपण करू या. आजाऱ्याला भेटायला जाऊ तेव्हा ठाऊक आहे तेवढेच बोलू, बाकीचे डॉक्टरांना विचारायला सांगू आणि त्याचा हात हातात घेऊन प्रार्थना करू.