खपली कोणाची?

जखमेवरची खपली म्हणजे आपण, की आपल्याला चिकटलेलं काहीतरी? प्रश्न फालतू वाटेल. पण ज्यू धर्मशास्त्रात त्याला चक्क उत्तर आहे.

हे ज्यू आपल्याला दूरचे नाहीत. मुलुंडच्या पुढचं स्टेशन ठाणे. तिथे १८७९ सालचं शाअर हाशमायिम सिनेगॉग आहे. तिथले बेने इस्राएल पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

ज्यू परंपरेत पाळीनंतर सात शुद्ध दिवस मोजून विवाहित स्त्री ‘मिकवा’त, म्हणजे पावसाच्या किंवा झऱ्याच्या साठलेल्या पाण्यात, पूर्ण बुडी घेते. समुद्रही चालतो. गंमत म्हणजे, त्याआधी साबण लावून अंघोळ करायची, नखं कापायची, केस विंचरायचे. म्हणजे बुडी मळ काढण्यासाठी नाहीच. अट एकच: अंग आणि पाणी यांच्यामध्ये काही येता कामा नये.

मग आपल्या दमट मुंबईतलं घामोळं, गजकर्ण, इसब यांचं काय? पुरळ किंवा डाग ही त्वचाच, अडथळा नाही. त्यावर थापलेलं मलम मात्र अडथळा. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेली मिश्ना सांगते की, जखमेवरची खपली अडथळा नाही, जखमेच्या कडेबाहेर वाळलेली खपली अडथळा आहे. भरून येणारं ते आपलं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

दुसरा निकष जास्त अवघड आहे. अंगाच्या थोड्या भागावर काही चिकटलं असेल, तर ते माणसाला खुपतं का, हे पाहतात. रंगाऱ्याच्या हातावरचा रंग अडथळा ठरत नाही, कारण त्या धंद्यात तो कुणालाच खुपत नाही. तोच रंग दुसऱ्या कुणाच्या हातावर अडथळा ठरू शकतो.

इथे मी अडखळतो. खुपणं माझ्या मनात घडतं, पण शिकवतात आजूबाजूचे. आपल्याकडे लग्न ठरवताना कोडाचा एक पांढरा डाग स्थळ मोडायला पुरतो. तो डाग कुणाला लागत नाही, दुखत नाही. ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नावातला गोरेपणा काढला, आपल्या नजरेतला तितक्या सहज निघाला नाही. म्हणजे खुपण्यावर निकाल सोपवला, की माणसाच्या अंगाचा निकाल समाजाच्या हाती जातो.

तरीही त्या नियमातला एक भाग मला पटतो. तो आधी विचारतो, हे त्वचेवर आहे की त्वचाच आहे? त्वचा असेल तर पुढचा प्रश्नच येत नाही. कितीही लोकांना खुपो. आपण उलट करतो. आधी खुपतं, मग त्वचेलाच मळ ठरवून घासत बसतो. हा क्रम बदलायला कुठल्याही धर्माची गरज नाही. पुढच्या वेळी कुणाच्या चेहऱ्यावरच्या डागावर उपाय सुचवण्याआधी त्या माणसाने तो मागितला आहे का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.