श्रेष्ठ कोण? (गीता ३.२१)



आजचा श्लोक : अध्याय ३, श्लोक २१. अर्थ तसा सोपा आहे. मोठी माणसं जशी वागतात तसे बाकीचे वागतात, त्यांनी लावलेलं माप लोक धरून चालतात. 'श्रेष्ठ' म्हटलं की आपल्यासमोर संत, राजे, फार तर कंपनीचा सीईओ येतो. मला आज मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या सिस्टर आठवल्या.

अरुणा शानबाग तिथेच नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका कर्मचाऱ्याने त्यांच्यावर अत्याचार केला, साखळीने गळा आवळला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि त्या पुन्हा उठल्याच नाहीत. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं त्यांना भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं हे नर्सेसनी केलं. शेवटच्या काळात ड्युटीवर असलेल्या कितीतरी जणी १९७३ मध्ये जन्मल्याही नव्हत्या. मग त्यांना हे शिकवलं कोणी?

नर्सिंगच्या मुली हातात दिवा घेऊन शपथ घेतात. (ही शपथ नाइटिंगेलबाईंच्या नावाची असली तरी त्यांनी लिहिलेली नाही, ती १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली.) शपथ हवीच. पण पडून असलेल्या माणसाला दर दोन-एक तासांनी वळवावं लागतं, नाहीतर एकाच जागी दाब पडून कातडी मरते, बेडसोर होतो. पहाटे तीनला एक पाळी चुकवली तर बघायला कोण आहे? पेशंट तक्रार करू शकत नाही. तिथे शपथ किती आठवत असेल, देव जाणे. सीनियर सिस्टर मुकाट्याने उठून वळवते, हे जिने पाहिलंय ती उठते. अरुणाताईंना इतक्या वर्षांत बेडसोर झाला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही आहे.

त्याच खटल्यात अवघड प्रश्न होता. पिंकी विराणी यांची मागणी होती की त्यांना आता सुटू द्या. नर्सेसचा ठाम विरोध होता. कोर्टाने याचिका फेटाळली, काही अटींवर निष्क्रिय दयामरणाचा मार्ग मात्र मोकळा केला. अरुणाताईंच्या वतीने बोलायचा हक्क त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या लोकांचा, असंही म्हटलं.

ही नर्सेसची करुणा की आसक्ती? मला वाटतं, दोन्ही. त्या पलंगावर त्यांच्यातलीच एक होती, ड्युटीवर असताना मोडलेली. उद्या तिथे आपणही असू शकतो, हे प्रत्येकीला कळत होतं. विराणींची कळकळही खोटी नव्हती. पण ज्यांनी हजारो वेळा वळवलं त्यांचा शब्द आधी ऐकावा, हे मला पटतं.

मला टोचतो तो दुसरा प्रश्न. बेवारस म्हणून आलेल्या, नावही माहीत नसलेल्या पेशंटला हीच सेवा मिळते का? एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असेल तर पाळी चुकणारच. आणि नवीन मुलगी तेही बघत असते. इथे श्लोक फार कडक आहे राव! चांगलंच तेवढं उचललं जातं असं भगवंत म्हणत नाहीत. जे आचरण दिसेल ते. चुकलेली पाळीसुद्धा 'इथे असंच चालतं' म्हणून पुढच्या बॅचकडे जाते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पण हेच, वाईट कोड लोक डॉक्युमेंटपेक्षा लवकर कॉपी करतात. फक्त इथे कातडी माणसाची आहे. म्हणून मला वाटतं, त्या श्रेष्ठांमध्ये ड्युटीचा तक्ता बनवणारे आणि रिकाम्या जागा न भरणारेही धरावेत. माप तेही लावतात.

उद्या श्लोक २२. तिन्ही लोकांत मला मिळवायचं काही उरलेलं नाही, तरी मी काम करतोच आहे, असं श्रीकृष्ण सांगतात. वाचताना ती केईएमची खोली डोक्यात असू द्या.

जय हरी 🙏