वाऱ्याला कुंपण नसतं

भुशी धरणाच्या वाटेवर, भर पावसात, निखाऱ्यावर भाजून लिंबू-मीठ-तिखट चोळलेलं कणीस तुम्हीही खाल्लं असेल. ते कुठल्या बियाण्याचं, हा प्रश्न तेव्हा पडत नाही. मला तो पडला पवनेच्या बाजूला घरामागे भाजीपाला लावायला लागल्यावर.

एका मैत्रिणीने गोड मक्याचे मूठभर दाणे दिले. बाजारातला स्वीटकॉर्न बहुतेक संकरित असतो. त्याचं बी धरून पेरलं तर पुढचं पीक तसंच येईल याची खात्री नसते. हे मात्र पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं सरळ वाण. तिची अट एकच: सगळ्यात चांगलं कणीस खायचं नाही, बियाण्याला ठेवायचं.

मी ठेवलं. वाळल्यावर पाहिलं, तर सुरकुतलेल्या दाण्यांत मधूनच गुळगुळीत, टपोरे दाणे. गोड मका वाळला की सुरकुततो, कारण त्यातल्या साखरेचं स्टार्च नीट होत नाही. गुळगुळीत दाणा म्हणजे परका पराग. कणसाच्या शेंड्याला लोंबणारा प्रत्येक केस एकेका दाण्याचा असतो आणि त्यावर तुऱ्यातला पराग वारा आणून टाकतो. हा पराग शेजारच्या आबांच्या वैरणीच्या मक्याचा होता.

मी आबांकडे गेलो. "आबा, पुढच्या वेळी मका दोन-तीन आठवडे उशिरा पेराल का? म्हणजे दोन्हीकडचे तुरे एकदम येणार नाहीत."

आबा हसले. "मी थांबीन. म्हशी थांबतील का?"

परत येताना राग आबांवर नव्हता, स्वतःवर होता. शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क २००१च्या कायद्याने दिलाय. पण माझं बी शुद्ध राहावं म्हणून शेजाऱ्याने आपली पेरणी बदलावी, हा हक्क मला कुणी दिला? माझं घर उभं आहे तिथे पूर्वी भात व्हायचा. एकाची जमीन गेली, तिथे दुसऱ्याने येऊन 'वारसा' जपायचा आणि त्याची किंमत तिसऱ्याच्या म्हशींनी मोजायची?

आणि शुद्ध म्हणजे तरी काय? मका मूळचा मेक्सिकोचा. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी टिओसिंटे नावाच्या रानगवतातून तो निवडत निवडत घडवला. त्याचे दाणे पानांत इतके गच्च गुंडाळलेले, की माणसाने सोलून पेरल्याशिवाय त्याचा वंश नीट चालत नाही. शिवाय दोन-चारच झाडांचं बी वर्षानुवर्षं धरलं, तर पुढची पिढी खुरटते. म्हणजे अगदी एकट्याने शुद्ध राहणंही त्याला झेपत नाही.

तरी जपणं सोडावं असं मला वाटत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या कामासाठी २०२०ची पद्मश्री मिळाली. त्यांचं बियाणं कुलपात राहिलं नाही, लोकांच्या शेतांत गेलं. वाण टिकतं ते अशा हातांमुळे. मात्र ते निर्भेळ हवं असेल, तर त्याचे कष्ट ज्याला हवं त्याने उपसावेत.

आता केस बाहेर पडण्याआधीच मी कणसांवर कागदी पिशव्या चढवतो. सकाळी बऱ्याच झाडांच्या तुऱ्यांचा पराग गोळा करतो, हाताने केसांवर झटकतो आणि पिशवी पुन्हा बांधतो. वेळ जातो, माझा. पिशवीबाहेरच्या कणसांत आबांचा मका मिसळतो. ती आम्ही दोघं कोवळी असतानाच भाजून खातो.