पूसलारांचं देऊळ आणि अर्जुनाची साल

चेन्नईच्या मूर मार्केट कॉम्प्लेक्समधून अरक्कोणमकडे जाणारी लोकल सुरुवातीलाच पेरांबूरला थांबते. तिथल्या रेल्वे रुग्णालयात १९७५ साली डॉ. के. एम. चेरियन यांनी भारतातली पहिली यशस्वी बायपास शस्त्रक्रिया केली. त्याच गाडीत बसून राहिलं, की अंबत्तूर, आवडी मागे टाकत तिरुनिन्रवूर येतं. या गावात हृदयालीश्वराचं देऊळ आहे. हृदयाचा विकार असलेली माणसं आणि त्यांच्या घरचे लोक इथे येऊन हात जोडतात.

हे देऊळ पूसलार नायनारांचं. तमिळ शैव परंपरेतल्या ६३ नायनारांपैकी ते एक. बाराव्या शतकात सेक्किळारांनी ‘पेरियपुराणम्’मध्ये त्यांची कथा सांगितली आहे. पूसलारांना शिवाचं देऊळ बांधायचं होतं, पण गाठीला पैसा नव्हता. मग त्यांनी ते मनातच बांधायला घेतलं. कारागीर जमवले, सामान आणलं, आगमात सांगितल्याप्रमाणे पाया घातला, शिखर चढवलं, विहीर आणि तळंसुद्धा खणलं. तिकडे कांचीच्या पल्लव राजाचं दगडी देऊळही तयार झालं होतं. दोन्हीकडे प्रतिष्ठेचा दिवस एकच निघाला. शंकराने राजाच्या स्वप्नात येऊन सांगितलं, ‘तुझा मुहूर्त पुढे ढकल, त्या दिवशी मला पूसलारांकडे जायचं आहे.’ देऊळ शोधत आलेल्या राजाला गावात एक वीटही दिसली नाही. ते देऊळ पूसलारांच्या हृदयातच होतं.

एकाच रुळांवर ही दोन हृदयं आहेत. एक छाती उघडून दुरुस्त करता येतं. दुसऱ्यात देव राहतो. अर्जुनासारखी वनस्पती हृदयाचं रक्षण करते असं म्हणतात, तेव्हा ती यातलं कोणतं हृदय राखते?

चरकाने या दोन हृदयांत भिंत घातलेली नाही. त्याच्या आयुर्वेदाच्या संहितेतल्या ‘सूत्रस्थाना’च्या तिसाव्या अध्यायात दहा मोठ्या वाहिन्यांचं मूळ हृदय आहे आणि चेतनेचं ठाणंही तेच आहे. हे हृदय राखायचं तर काय करावं, याचं उत्तर देताना चरक आधी मनाला दुःख देणारी कारणं टाळायला सांगतो. हृदयाला हितकर ते खावं-प्यावं हे तो त्यानंतर सांगतो आणि शेवटी शांती आणि ज्ञान यांच्यापाशी येतो. त्याच ग्रंथात ‘हृद्य’ द्रव्यांची दहा नावं आहेत. त्यांत आंबा, अंबाडा, करवंद, बोर, डाळिंब, महाळुंग आहे, आणि बहुतेक वैद्य ज्याला कोकम मानतात ते वृक्षाम्लही आहे. जवळजवळ सगळी आंबट फळं! मराठीत आजही मनाला भिडणाऱ्या गोष्टीला हृद्य म्हणतात. जिभेला पाणी सुटणं आणि मन प्रसन्न होणं चरकाला एकाच शब्दात बसवता आलं.

या यादीत अर्जुन नाही. चरकाने त्याला अंगावरच्या गांध्या शमवणाऱ्या द्रव्यांत घातलं आहे. दुधात उकळलेली अर्जुनाची साल हृदयरोगावर द्यावी हे अकराव्या शतकातल्या ‘चक्रदत्त’ या वैद्यकग्रंथात ठळकपणे येतं. म्हणजे परंपरा म्हणून आपण ज्याला हात जोडतो, त्यातही पिढ्यान्‌पिढ्या भर पडत होती, जागा बदलत होत्या. हे ध्यानात ठेवायलाच हवं.

मैलापूरच्या कचेरी रोडवर डब्बा चेट्टी कडै हे देशी औषधांचं जुनं दुकान आहे. अशा दुकानांत ‘मरुदम् पट्टै’ मागितली की अर्जुनाची साल मिळते. बाहेरून राखाडी, आतून लालसर, हाताला खरखरीत. उकळली की पाणी तांबूस होतं आणि तुरटपणा बराच वेळ जिभेवर राहतो. हा मरुद वृक्ष कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूरच्या देवळाचा स्थलवृक्ष, म्हणजे तिथलं पवित्र झाड आहे. गावाचं संस्कृत नावच मध्यार्जुन.

देवाच्या झाडाला प्रयोगशाळेच्या तराजूत घालणं हा अविश्वास आहे का? अनेक श्रद्धावंतांना मनापासून तसं वाटतं.

सर्पगंधेचं उदाहरण पाहावं. वेडावर आणि झोपेसाठी वापरली जाणारी ही मुळी. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरचे तिचे अनुभव १९४९ साली ब्रिटिश हृदयविज्ञान नियतकालिकात मांडले आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. रक्तदाब उतरू लागला, पण काही रुग्णांना उदासीने घेरल्याचंही नोंदलं गेलं. रक्ताचा दाब आणि मनाचा भार एकाच मुळीने हलत होते. मोजमाप केलं म्हणून हे कळलं, आणि कळलं म्हणून पुढचे रुग्ण जपता आले.

दुसरीकडे बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. तिची फुलं शंकराला वाहतात. तिच्या बियांतली द्रव्यं हृदयाचे ठोके बिघडवून जीव घेऊ शकतात. त्याच जातीचं द्रव्य डिजिटालिसच्या झाडात आहे. विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली त्याचा अभ्यास छापला आणि त्यातून हृदयाचं औषध मिळालं. झाडपाल्याने अपाय होत नाही असं सहज म्हणणाऱ्याने बिट्टीच्या झाडाखाली जरा थांबावं.

पूसलारांकडे पुन्हा पाहिलं, की श्रद्धेची वेगळीच बाजू दिसते. मनातल्या देवळात पाया थोडा वाकडा घातला असता तर कुणाला कळणार होतं? तरी त्यांनी एकही विधी गाळला नाही, मुहूर्तही काढला. ही काटेकोर भक्ती आहे. अर्जुनावर जीव असणाऱ्याने तितकंच काटेकोर असावं. कोणती साल, किती, किती दिवस, चालू गोळ्यांसोबत घेतलेली चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी हा काटेकोरपणा दाखवला. हृदय दुबळं झालेल्या १०० रुग्णांवरच्या त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या औषधांसोबत काहींना अर्जुनाच्या सालीचा अर्क, काहींना दिसायला तसंच पण निष्क्रिय औषध. कुणाला काय मिळालं हे ना रुग्णांना ठाऊक, ना डॉक्टरांना. बारा आठवड्यांनी हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची ताकद वाढलेली दिसली नाही. काही रुग्णांच्या कार्यक्षमतेत मात्र सुधारणा नोंदली गेली.