जन्मानं चोर?

आपल्या बुलढाण्यात चोरी झाली की पोलीस पहिले पारध्याच्या बेड्यावर जातात. चोरी शोधायची राहिली, चोर मात्र आधीच ठरलेला. गिरणीच्या फाटकावर रोज अंगझडती देतो, म्हणून ही नजर मला कळते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १९५२ ला तो कायदा गेला. नजर गेली नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, भिक्षेकरी डवरी गोसाव्यांची पाच माणसं जमावानं मारली. का, तर पोरं पळवणारे असतील!

युरोपात रोमा लोकांना हेच ऐकावं लागतं. हजारेक वर्षांपूर्वी भारतातूनच गेलेली माणसं. पाण्याला अजून 'पानी' म्हणतात, आपल्या वऱ्हाडासारखं. हिटलरनं त्यांना ज्यूंसारखंच छळछावण्यांत मारलं.

पण माझा सवाल सवर्णांना नाही, तुम्हाला आहे. ज्यांची सावली विटाळ होती, त्या आपल्या वस्तीतही पारधी दिसला की लेकरं आत का घेतात? बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणाले, ती हीच. महाडचं तळं आपल्या तोंडी असते, अन् पारधीण हंडा घेऊन हापशीवर आली की कपाळावर आठी. पुढच्या बैठकीला हाच विषय ठेवा. बेड्यावरच्या पोरांनाही निरोप धाडा.